चौदा लिटरचा माणूस

गुरुग्राम,
रविवार, १५ मार्च

ती. उल्काताईस,

दीनानाथचा, जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. बार्शीला सगळे ठीक असाल असं धरून चालतो, कारण नसतात तर तुझा फोन आला असता. दाजींच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं काय झालं? ते ऑपरेशन पुढे ढकलतायत ते भीतीने नव्हे, धूसर दिसतं म्हटलं की भाजी निवडायला बसवत नाहीत म्हणून, हे मी ओळखून आहे (हे त्यांना वाचून दाखवू नकोस, किंवा दाखवच). तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? मी बरा आहे. इतका बरा आहे की माझ्याकडे तसं डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, आणि ते कसं मिळालं हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. फोनवरच बोललो असतो, पण दाजी फोन स्पीकरवर टाकतात आणि मग माझी तब्येत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचते.

तुला ठाऊक आहे, यशोधन आणि सूनबाई सुखदा गेल्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला गेले आणि मी इथेच नवव्या मजल्यावर राहिलो. चला म्हणत होते, मीच नाही म्हटलं. कौशल्या गेली ती या घरातून, तिने लावलेला कढीपत्ता या बाल्कनीत आहे, आणि खाली बागेत सकाळी सात वाजता इंद्रजितजी माझी वाट बघतात (हे पानिपतचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आमची मैत्री एकमेकांचं न ऐकण्यावर टिकली आहे). मला इथेच राहायचं आहे, यात दुसरं काही कारण नाही. असो. दिवाळीच्या सुमारास सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला पाण्याचे नवे मीटर बसवले. जुन्यात एक चाक फिरायचं, ते दिसायचं. नव्यात फिरणारं काहीच नाही. तो आवाजाच्या लहरींनी पाणी मोजतो, बॅटरीवर चालतो आणि दिवसाचा आकडा घरमालकाच्या मोबाइलवर पाठवतो. घरमालक यशोधन. म्हणजे नळ मी इथे उघडायचा आणि त्याची वर्दी बंगळुरूला जायची. मला याचं कौतुकच वाटलं होतं, ही माझी पहिली चूक.

फेब्रुवारीत मुलाचं माझ्यावरचं प्रेम अचानक वाढलं. एरवी आठवड्यातून दोनदा फोन करणारा रोज करायला लागला, तोही व्हिडिओवर, आणि 'बाबा, फ्रेश वाटतंय ना?' असं विचारायला लागला. मग पार्सलं सुरू झाली. आधी चंदनाचे साबण सात, मग एक शाम्पू (मला केस नाहीत हे त्याला लहानपणापासून माहीत आहे), मग अंगावर मारायचा फवारा. मला वाटलं ऑफिसात कुणाचा बाप गेला असेल आणि याला आपली आठवण झाली असेल. त्यात एक दिवस बागेत इंद्रजितजींनी मला मिठी मारली. अकरा वर्षांत हा माणूस माझ्याशी हातसुद्धा मिळवत नव्हता, नुसती काठी वर करायचा. आता मिठी मारून सोडेचना, आणि मानेपाशी दोन लांब श्वास घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, बात क्या है, तर म्हणाले, "कुछ नहीं यार, दोस्त हो, बस." आणि बाजूला जाऊन मोबाइलवर काहीतरी टाइप करत बसले. मग क्षिप्रा नावाची एक तरुण डॉक्टरीण घरी आली. सोसायटीतर्फे ज्येष्ठांची मोफत तपासणी म्हणाली. तिने आजची तारीख विचारली, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाली. मी दोनपर्यंत आलो आणि पुढे शून्याच्या खाली जायचं का म्हणून विचारलं. ती हसली, पण लगेच गंभीर होऊन म्हणाली, "अंकल, अब नहाने के स्टेप्स बताइए, शुरू से." ताई, चौऱ्याहत्तराव्या वर्षी परक्या मुलीला मी आंघोळीची कृती सांगितली. साबणाच्या पायरीवर तिने वहीत खूण केली तेव्हा मात्र मला शंका आली.

त्या संध्याकाळी मी यशोधनला फोन लावून सरळ विचारलं, आणि त्याने सांगितलं. ॲपप्रमाणे माझ्या घरात दिवसाला चौदा लिटर पाणी वापरलं जातं. रोज चौदा, फार तर पंधरा. एका माणसाला शंभराच्या वर लागतं. (फ्लशचं पाणी त्यात धरलेलं नाही. आमच्याकडे त्याला वेगळी लाइन आहे. तू विचारणारच होतीस.) "बाबा, खरं सांगा, आंघोळ करता ना?" आता इथे माझी दुसरी चूक झाली, आणि ही चूक जगात फक्त मीच करू शकतो. फरीदाबादच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. कामगार म्हणायचा, साहेब, हाताला बरोबर लागतंय. मी म्हणायचो, हाताला काय लागतं ते घरी सांग, इथे गेज काय म्हणतो ते बोल. मापाशी हुज्जत घालायची नाही ही माझी शिस्त, यशोधनलाही मीच लावलेली. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मीटर म्हणतोय?" तो म्हणाला, "हो." मी म्हणालो, "मग बघायला हवं." एवढं एक वाक्य पुरलं. माणसाला स्वतःची आंघोळ बघायला हवी असं वाटू लागलं म्हटल्यावर मुलाने दुसरं काय समजायचं?

पुढचा आठवडा कसा गेला ते तुलाच सांगतो. मला खरंच शंका यायला लागली. आंघोळ झाली की मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायचो, आणि दुपारी वाटायचं, खूण नुसतीच तर नाही ना केली? डोक्याला हात लावून बघायचो, पण टक्कल पाच मिनिटांत वाळतं, ते काय साक्ष देणार. कौशल्याच्या आईचं शेवटी तसंच झालं होतं, जेवून उठून पुन्हा पाट मांडायच्या. तेच आता आपलं सुरू झालं असेल तर, या विचाराने मी चहात दोनदा मीठ घातलं, आणि ते मीठ मी पुरावा म्हणून धरलं. मी घाबरलो होतो, ताई. गेल्या आठवड्यात शुक्रवारी यशोधन आणि सुखदा आले ते सोमवारची तिघांची विमानाची तिकिटं घेऊन. सोबत बंगळुरूबाहेरच्या एका ज्येष्ठ निवासाचं माहितीपत्रक. त्यातले सगळे म्हातारे हसत होते, आणि एकाच्याही हातात काही काम नव्हतं. यशोधन माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, फक्त बघून तर येऊ." मी बरं म्हटलं आणि कढीपत्त्याला पाणी घातलं. मीटर म्हणतोय म्हटल्यावर माझ्याकडे बोलायला काय होतं?

शनिवारी सकाळी मी आंघोळीला गेलो. सुखदा चहा घेऊन बाहेर उभी होती (पहारा होता, पण चहासकट होता). थोड्या वेळाने दार वाजवून म्हणाली, "बाबा, नळ बिघडलाय का? सारखा बंद पडतोय." म्हटलं, नळ ठीक आहे, मी बंद करतोय. "का?" तांब्या भरला म्हणून. तुला यात काही विशेष वाटणार नाही, तूही आयुष्यभर हेच केलंस. आपल्याकडे चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि अण्णा दाराबाहेर बसून आपले तांब्ये मोजायचे. बादली भरून घेतली की निम्मी सांडते, म्हणून नळ फक्त तांब्या खाली असेपर्यंत उघडा. मी अजून तसाच आंघोळ करतो. एकवीस तांब्ये, एकेक भरायला तीन सेकंद, मग नळ बंद. हात धुणं, भांडी, दाढी, सगळं असंच (कपडे धोब्याकडे जातात). मग सुखदा म्हणाली, "बाबा, एक मिनिट. अंगावर कपडे घाला आणि तांब्या घेऊन तिथेच थांबा."

ही मुलगी कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते, म्हणजे खातं माझंच. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये मीटरचं कपाट उघडून जमिनीवर बसली, यशोधन बाथरूमच्या उंबऱ्यावर, आणि मी आत पूर्ण कपड्यांत नळापाशी. एकवीस तांब्ये मी भरले आणि बादलीत ओतले, माझ्या पद्धतीने. बादली काठोकाठ. बाहेरून सुखदा ओरडली, "बाबा, सुरू करा ना." मी म्हटलं, झाले की एकवीस. मीटर जागचा हलला नव्हता. मग तिने तीच बादली रिकामी करून, नळ सोडून सलग भरायला लावली. मीटर वीस लिटर पुढे गेला, बरोब्बर वीस. ताई, पहिल्या वेळच्या त्या न हललेल्या आकड्याइतका सुंदर आकडा मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. मी आंघोळ करत होतो. मला सगळं आठवत होतं ते खरं होतं.

मग मीटर कंपनीचा माणूस बोलावला, सतबीर नावाचा, मिशीवाला आणि समजूतदार. तो म्हणाला, "अंकलजी, बैटरी दस साल चलानी है, हर वक़्त थोड़े ही देखेगा. चार सेकंड में एक बार आँख खोलता है. दो बार लगातार पानी दिखे, तभी गिनता है." म्हणजे मीटरने डोळा उघडून पाणी बघेपर्यंत आणि पुन्हा खात्री करायला बघेपर्यंत माझा नळ बंद. माप चोख होतं, फक्त इतक्या थोडक्यात पाणी घेणारा माणूस त्यांनी धरलाच नव्हता. मग ते चौदा लिटर कुणाचे? ते पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मशीनचे. ते सावकाश, सलग पाणी ओढत असतं. थोडक्यात, ॲपच्या लेखी या घरात चार महिने ते मशीन राहत होतं, मी नव्हतो.

यशोधन उंबऱ्यावरच बसून राहिला. आधी हसला, मग त्याचे डोळे भरले, आणि म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्ही हातातून गेलात." मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही, मापावर विश्वास ठेवायला मीच शिकवलं. माझं तिकीट त्याने तिथेच रद्द केलं. माहितीपत्रकावर सुखदाने दुपारी शेंगा सोलल्या. इंद्रजितजी जिलबी घेऊन आले आणि म्हणाले, "मैंने तो पहले दिन ही रिपोर्ट दे दी थी, खुशबू बिल्कुल ठीक है." क्षिप्राबाईंनी 'स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम' असं लिहून दिलं (वयाच्या मानाने हे शब्द खोडायला मी सांगितलं होतं, ऐकलं नाही). आणि सतबीरने मीटरची सेटिंग बदलली, आता तो सेकंदाला दोनदा बघतो. बॅटरी लवकर संपेल, संपू दे. त्या रात्री मी महिन्याभराने सलग सहा तास झोपलो. छातीवरून पोतं उतरावं तसं वाटतंय, अजूनही.

दाजींना नमस्कार. सुना, नातवंडं यांना वयाप्रमाणे ज्याला जे लागू पडेल ते.

तुझा धाकटा भाऊ,
दीनानाथ

ता. क. : चंदनाचे पाच साबण उरलेत, कुरिअरने पाठवतोय. शाम्पू दाजींना. त्यांनाही केस नाहीत, पण त्यांना आशा आहे.

ता. क. दुसरा : वर सगळं खरं लिहिलंय, पण सगळं लिहिलेलं नाही. जानेवारीत एका सकाळी मी बाथरूममध्ये घसरलो. लागलं फारसं नाही, पण उठता येईना. धरायला काही नव्हतं. तासभर ओल्या फरशीवर बसून होतो आणि मोबाइल बाहेर टेबलावर. त्यानंतर वीस दिवस मी आंघोळ केली नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचो. थंडीचं निमित्त स्वतःलाच सांगितलं. खरं तर त्या दाराच्या आत जायची भीती वाटत होती. मीटरला माझ्या आंघोळी दिसत नव्हत्या, म्हणून न केलेल्या वीसही दिसल्या नाहीत. तेवढ्यावर मी सुटलो. आता तो सेकंदाला दोनदा बघतो, त्यामुळे आंघोळ चुकवता येत नाही, आणि फरशी तीच आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी : बाथरूमच्या भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा बसवायला हवा. इथे भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला ॲपवर परवानगी मागावी लागते. मी यशोधनला सांगितलं तर तो का म्हणून विचारेल, आणि मला खोटं बोलता येत नाही हे तो जाणतो. तुला येतं. लहानपणी मी आंघोळ चुकवली की माझा पंचा ओला करून दोरीवर तूच टाकायचीस, आणि अण्णांसमोर तुझी पापणी हलायची नाही. तेव्हा त्याला फोन कर आणि म्हण, मी एप्रिलमध्ये भावाकडे महिनाभर येतेय, मला धरल्याशिवाय आंघोळ जमत नाही, आधी दांडा बसवून घे. आत्या म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी माणूस पाठवेल. दांडा बसला की तू बेत रद्द केलास तरी मी काही म्हणणार नाही. पण नको करूस.