मनोरीला उतरायचं नाही

मम्मी,

तुला लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं ते विचारू नकोस. शाळेचा निबंध पण मी असाच टाळायचे आणि तू भाकरी थापता थापता ओरडायचीस, "बस की गं एका जागी, पायाला चाकं लावलीत का तुझ्या?" आज बसलेय. म्हणजे बसायला दुपार झाली. पेन चालेना म्हणून गॅसवर जरा शेकवलं, गॅस पेटवलाच आहे तर चहा ठेवला, चहा उतू गेला, मग ओटा पुसला. आता बाळ झोपलंय आणि सांगायला दुसरं काही निमित्त उरलेलं नाही.

तुला बाळ माहीत नाही. तुला माझं काहीच माहीत नाही म्हणा. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी मनालीला एका कॅफेत कप विसळत होते तेव्हा तू गेलीस. कामावरच, जिन्यात. सगळे म्हणाले बीपीने गेली. त्यानंतर मी गोव्यात राहिले, पाँडिचेरीला राहिले, एका बाईच्या कुत्र्यांना फिरवायचं काम केलं, आणि एक कुत्रा तर असा होता की फक्त तमिळच समजायचं त्याला... जाऊ दे, ते नाही सांगायचंय. आता जोगेश्वरीत आहे, एका खोलीत. नवरा डिलिव्हरीचं काम करतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. माणूस चांगला आहे, तुला आवडला असता. पण दिवसभर घरात मी आणि ही. हिच्याशी बोलून बोलून माझा स्वतःचा आवाज मला नकोसा झालाय. ही झोपली की भांडी घासते, आणि घासून झाली की तीच परत घासते.

मागच्या आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात हिला गोवराचं इंजेक्शन द्यायला नेलं होतं. नर्सबाईंनी हिचं वजन केलं, कार्डावर टिक केली आणि मान वर न करता विचारलं, "आणि तू कशी आहेस?" मी म्हटलं, "झकास." मग त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी वरच्या मजल्यावर एक डॉक्टर बसतात. मनाच्या. बाळंतपणानंतर बऱ्याच जणी येतात, लाजायचं काही नाही. चारपर्यंत असतात." मी हसले, थँक्यू म्हटलं, आणि खाली येऊन जिन्याच्या पायरीवर जी बसले ती उठताच येईना. लोक बाजूने जात होते. एका काकांनी मला ओलांडून जाताना 'जरा बाजूला' म्हटलं आणि मला त्यांच्याच गळ्यात पडून रडावंसं वाटलं. काकांची काय वाट लागली असती, विचार कर.

हे मी मावशीला फोनवर सांगायला गेले परवा. तुझी बहीण, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, "मावशी, मला सारखं रडू येतं गं." तर ती म्हणते, "आपल्या बायकांना ही असली थेरं परवडत नाहीत. तुझी आई बाळंतपणानंतर महिन्यात कामाला लागली होती. वाघीण होती. तू तिची पोरगी ना?" मी म्हटलं, "हो, हो. झकास आहे मी, असंच म्हटलं." आणि ठेवला फोन.

वाघीण. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात जो उठला तो हेच बोलला. ताई कधी थकल्या नाहीत, ताई कधी बसल्या नाहीत. महिला मंडळाच्या सगळ्या पांढऱ्या साड्या मान डोलवत होत्या. मी मागे चपलांपाशी बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बसायची. ती बसायची.

अंधेरीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये तुला बसू देत नव्हते, ते खरंय. सुट्टीत मी एकदा डबा द्यायला आले होते, तेव्हा तू जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मॉपच्या काठीला टेकून उभी होतीस. समोर सोफे रिकामे. सुपरवायझर म्हणाला, "मौसी, बेटी को बोलो सोफे पे नहीं," आणि तू मला दंडाला धरून उठवलंस. पँट्रीत सगळ्यांचे कप हुकांना टांगलेले, तुझा स्टीलचा पेला मात्र बादलीमागे. मी विचारलं, असं का, तर म्हणालीस, "माझा वेगळा आहे, स्वच्छ राहतो." घरी येताना बसमध्ये मात्र म्हणालीस, "आपल्याला दुप्पट टापटीप राहावं लागतं. आणि तोंड पाडून तर अजिबात फिरायचं नाही. लोक वाटच बघत असतात." त्या संध्याकाळी तू मोरीचं दार ओढून घेतलंस आणि नळ सोडलास. खूप वेळ पाणी वाहत होतं. बाहेर आलीस तेव्हा बादली रिकामी होती. आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं, मम्मीचा नळ चालू असला की दार वाजवायचं नाही. वाजवायला पाहिजे होतं की नाही, हे अजून मला कळत नाही.

आणि मग ती होडी. महिन्यातून एका रविवारी तुझी 'डबल ड्युटी' असायची. पण डबल ड्युटीला तू ती जांभळी साडी नेसायचीस. एकदा पप्पा गावाला होते, मला ठेवायला कोणी नव्हतं, तर मला घेऊन निघालीस. मालाडहून बस, मार्व्याची जेट्टी. होडीवर बायकांच्या मासळीच्या टोपल्या, दोन स्कूटर, एक बकरी. तिकीटवाला तुला बघून म्हणतो, "काय ताई, आज पार्टनर?" मी चाट. माझ्या आईला इथं कोणीतरी ओळखतं! तू कडेच्या बाकावर बसतेस, चपला काढतेस, डोळे मिटतेस. पलीकडे मनोरी येते, सगळे उतरतात, बकरीपण उतरते. तू नाही.

"मम्मी, उतरायचं नाही?"

"नाही."

"मग आलो कशाला?"

"बसायला."

मी बडबडत राहते, तेव्हा तू डोळे न उघडता म्हणतेस, "जरा गप गं. इथं मी कुणाची कोण नाही." मला ते इतकं लागलं, मम्मी. परत आल्यावर जेट्टीवर तू एक कुल्फी घेतलीस. एकच. आणि खायला लागलीस! घरी सगळ्यांच्या मागून टोपातलं खरवडून खाणारी तू, माझ्यासमोर उभी राहून अख्खी कुल्फी काडीपर्यंत चाटून खाल्लीस. मग माझ्याकडे बघून एकदम हसलीस. "अगं, तुला राहिलीच की," म्हणून दुसरी घेतलीस. तुला तसं हसताना मी परत कधी पाहिलं नाही.

काल मी गेले तिथं. हिला पोटाशी बांधून. तुझ्यासारखी कडेला बसले, चपला काढल्या. पाणी तसंच मातकट. मनोरी आली, लोक उतरले. आणि मला वाटलं, हिला या बाकावर ठेवावं आणि उतरून चालायला लागावं. गोराईपर्यंत, उत्तनपर्यंत, पाय नेतील तिथं. चालत सुटणं मला येतंच. हिच्यावर राग नव्हता, झोपलेली होती बिचारी. मी झोळीची गाठ सोडलीसुद्धा. मग माझेच हात मला दिसले आणि मी ती परत बांधली. वर अजून एक गाठ मारली. होडी वळेपर्यंत खांब धरून बसले.

येताना सारखं डोक्यात एकच. तू मनोरीला कधीच का उतरली नाहीस? मला वाटायचं, पलीकडे तुझं काही काम नव्हतं. काल वाटलं, तू उतरली असतीस तर परत आली नसतीस, आणि ते तुला माहीत होतं. म्हणून बसून राहायचीस का गं? तुला तेव्हा कोणी विचारलं असतं, तर सांगितलं असतंस? मला तुझी एक होडी पुरणार नाही, मम्मी. तुलाही पुरली नाही.

आज गुरुवार आहे. एक गोष्ट कबूल करते. हे पत्र तुझ्यासाठी म्हणून सुरू केलंच नव्हतं. ते पेन, तो चहा, हे सगळं चार वाजवायला चाललं होतं. वाजून गेले की 'अरेरे, राहिलं' म्हणता आलं असतं. हे कुठं पाठवायचं नाही, ते तर आहेच.

थांब, दार वाजलं.

मावशी! मुलुंडहून, दोन बस बदलून, गुडघे धरत. दुपारची घराबाहेर न पडणारी ही बाई न सांगता दारात. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "झकास म्हणालीस ना फोनवर, तेव्हापासून झोप नाही मला. तुझी आईपण 'बरंय' म्हणायची. दर वेळी." माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग "पाय धुऊन येते" म्हणून मोरीत गेली. दार ओढून घेतलंय.

बाळाला तिच्याकडे ठेवून दवाखान्यात पळता येईल, असं पहिल्यांदा वाटलं. अजून वेळ आहे. पण नळ चालूच आहे, मम्मी. पाय धुवायला एवढा वेळ लागत नाही. बाळाला घेऊन तिघी मिळूनच जाऊ.

आधी जाऊन दार वाजवते.