गेटबाहेर थांबतो म्हणालो

३ नोव्हें., सोम.
दुर्गापूजेची सुट्टी संपून आठवडा झाला. साहेबांची ईरा आजपण शाळेत गेली नाही. बालीगंजच्या घरून शाळेच्या गेटपर्यंत नेली, गाडीतून उतरेना. पोट दुखतं म्हणे. परत आणली. सुट्टीआधी वर्गात बंगाली कविता म्हणताना अडकली, पोरं हसली. तेव्हापासून एकच, मला काहीच येत नाही. वय नऊ. वहिनी म्हणाल्या, असंच चाललं तर डिसेंबरात साताऱ्याला आजीकडे ठेवू. साहेबांना बँकेत उशीर झाला, तो राग माझ्यावर.

४ नोव्हें.
शाळेतल्या समुपदेशक बाईंनी एक वाक्य दिलंय. रोज आरशासमोर पाच वेळा : मला जमतं. ईरा ते गाडीच्या आरशात बघून म्हणते, म्हणजे माझ्याकडे बघून. पाढे म्हणल्यासारखं.
"खरं वाटतं का तुला?"
"झूठ आहे दत्तादादा. पाच वेळा झूठ."
मला गुरुजी सातवीत म्हणाले, तू दगड. एकदाच म्हणाले. मी लगेच मान्य केलं. नववीत शाळा सुटली.

६ नोव्हें., गुरु.
आज उतरली. अट : सुटेपर्यंत मी गेटबाहेर थांबायचं. थांबतो म्हणालो. ती आत गेली की लगेच निघालो, साहेबांना बँकेत सोडायचं होतं. दीडला परत.
"इथंच होतास?"
"इथंच."
पोट दुखलं नाही म्हणे.

१० सोम.
रोज जाते. रोज तोच प्रश्न, तेच उत्तर. दरवान हसतो, "बड़ा पहरा देता है तुम."
विहीर आठवली. कमरेला दोर, दुसरं टोक पायरीवर काकाच्या हातात, असा पोहायला शिकलो. एकदा मधोमध असताना मागं बघितलं तर दोर पाण्यावर तरंगतोय आणि काका वर बसून बिडी ओढतोय. तोवर नीट पोहत होतो. बघितलं आणि गटांगळी खाल्ली. नंतर महिनाभर पाण्यात उतरलो नाही. काकाशी तर…

१३ गुरु.
पुण्याहून बाळ्याचा फोन. टेम्पोवर जागा आहे, एक तारखेला ये. हो म्हणालो. इथं दीड वर्ष झालं, माझ्या मानानं पुष्कळ. सुरतेत सात महिने, हुबळीत चार. साहेबांना सांगितलं. "हं," म्हणाले, "बघतो दुसरा." वहिनी म्हणाल्या, ईराला तूच सांग, पण आत्ता नको.

१८ मंगळ.
पुन्हा कविता म्हणायला उभं केलं. अडकली, वहीत बघितलं, पुढं म्हणाली.
"हसलं कोणी?"
"एक हसला."
"मग?"
"मग काय. अजून ओळी होत्या ना."

२१ शुक्र.
गडियाहाटच्या चौकात ट्रॅफिक जाम. वीस मिनिटं उशीर. ईरा दरवानाच्या स्टुलावर बसलेली. गाडी पंक्चर झाली, जरा पुढं गेलो होतो, असं सुरू केलं. तिनं पुरं होऊ दिलं नाही.
"वर्गातून गेट दिसतं. मी पहिल्या दिवशीच बघितलं. तू नव्हतास."
गाडी काढली. सिग्नलला विचारलं, मग काय केलंस?
"आधी रडायला आलं. मग मॅथ्सचा तास सुरू झाला. मग डबा खाल्ला. मग तू आलास."
"आणि रोज विचारत होतीस ते?"
"तू सच कधी बोलतोस बघत होते."
घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. रागावलेली वाटली नाही. आरशाचं वाक्य बरेच दिवस ऐकलं नाही, आत्ता लक्षात आलं.

२३ रवि.
गाडी धुतली. तिकीट काढलं, शनिवारचं, २९. वहिनी म्हणाल्या साताऱ्याचं आता नाताळनंतर बघू, गाडी जरा रुळावर दिसते. मी जातोय हे ईराला अजून माहीत नाही. चाकं पुसत होतो तेव्हा ती वरून बाल्कनीतून,
"उद्या थांबणार?"
"नाही. साहेबांना सोडायचंय."
"ठीक आहे."
आत गेली. परत आली.
"सुटल्यावर येणार ना पण?"
"येणार."
उद्याचं खरं आहे. शुक्रवारपर्यंतचं खरं आहे.