वाळूचं पोतं हात लांबवत नाही

३ मार्च

ती. आत्यास,
खटपट्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. आपल्या शिड्यांच्या कारखान्याला उत्तम व्यवस्थापनाचं बक्षीस मिळालं. काचेची पाटी आहे, ती बाबांच्या खुर्चीमागे लावली. त्यातच दुकानांच्या एका मोठ्या साखळीने अकराशे घडीच्या शिड्या मागितल्या आहेत. बाबांच्या वेळी दिवसाला बारा व्हायच्या, आता चाळीस होतात. तपासायला तुझ्यासारखं माणूसही लागत नाही. पायऱ्यांवर वाळूची पोती ठेवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि शिक्का मारायचा. एक नवी शिडी घरी आणली, एक तुला धाडली आहे.

तरी बूड एका जागी ठरत नाही. कारखान्यात सारख्या येरझारा घालतो आणि काय शोधतोय तेच कळत नाही. ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं ते आपले फिटरकाका हल्ली मला साहेब म्हणतात. ही म्हणते की मला बक्षीस पचलेलं नाही. परवा स्वयंपाकघरातला दिवा बदलायला अडगळीतून बाबांची जुनी शिडी ओढून काढली आणि पाठीत उसण भरली. दोन दिवस घरी पडून आहे, म्हणून हे पत्र तरी झालं.

ताईला नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझा खटपट्या

९ मार्च

चि. खटपट्यास,
आत्याचे अ. उ. आ.

शिडी पोचली. दिसायला देखणी आहे आणि उचलायला हलकी. बक्षिसाचं वाचून डोळे भरून आले. दादा असता तर म्हणाला असता की पाटी वाकडी लागली आहे. मला माळ्यावरची ट्रंक काढायची आहे, पण तुझी ताई चढू देत नाही. ती शाळेत शिकवायला गेली की बघते.

दादा प्रत्येक नव्या शिडीवर मला चढवायचा. घरात सगळ्यांत जड मी. बहिणीच्या वजनाचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या भावाने केला नसेल. नुसतं उभं राहून भागायचं नाही. उंच फळीवरची बरणी काढतेय असा हात लांबवायचा, एका पायावर भार द्यायचा, मागे वळून बघायचं. जरा कुरकुर ऐकू आली की दादा सगळे जोड उचकटायचा. वाळूचं पोतं हात लांबवत नाही रे.

एक विचारू का? नवी शिडी घरात असताना तू अडगळीतून जुनी कशाला काढलीस?

सूनबाईला आशीर्वाद. पाठ शेकत जा आणि म्हातारीची आठवण ठेव.
तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
घाईत सा. न. वि. वि.

ताईला फोन करून शिडी कुलपात ठेवायला सांगितलं आहे. कारण सांगायला फोनवर जीभ रेटेना.

तुझा प्रश्न वाचून आधी राग आला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. दिवा बदलायला निघालो तेव्हा नव्या शिडीच्या शेजारूनच गेलो होतो, पण तिला हात लावला नाही. पूर्वी पायरीच्या दोन्ही टोकांना ती दांड्याला जखडणारे दोन-दोन रिव्हेट असायचे. गेल्या वर्षी मी ते एकेकावर आणले आणि काम झपाझप व्हायला लागलं. फिटरकाका म्हणाले होते की पायरी फिरेल. मी त्यांना पोती दाखवली आणि सांगितलं की कागदावर सगळं बरोबर आहे. त्या दिवसापासून मी साहेब झालो.

तुझं पत्र खिशात घालून नव्या शिडीवर चढलो. चौथ्या पायरीवरून हात लांबवला आणि पायाखाली पायरी किंचित फिरली. पडलो नाही, दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उतरलो. अशा हजारो शिड्या लोकांच्या घरांत आहेत.

काम थांबवलं आहे. गेलेल्या शिड्या परत मागवतोय आणि दुकानवाल्यांना खरं काय ते कळवलं आहे. ते उद्या येतील. त्यांनी पाठ फिरवली तर निम्म्या माणसांना काम उरणार नाही, आणि चूक कामगारांची नाही, माझी आहे. आत्या, मला भीती वाटते. रागावलीस तरी चालेल, पण लिही.
तुझा खटपट्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. ताई म्हणते की तुझी तब्येत ठीक आहे, पण नवी शिडी आल्याशिवाय तू कागदाला हात लावणार नाहीस. तर ही घे, पुन्हा दोन-दोन रिव्हेट मारलेली.

दुकानवाल्यांनी अकराशेच्या चारशे केल्या. कुणाला काढलं नाही, पण सगळ्यांचेच कामाचे दिवस कमी करावे लागले आणि घरोघरी जाऊन ते मीच सांगितलं. आता दिवसाला सतरा शिड्या होतात आणि प्रत्येकीवर मी चढतो. तुझ्याइतकं वजन कुठून आणू, म्हणून कमरेला वाळूचं पोतं बांधतो. सगळा कारखाना हसतो. परवा एक जोड चुकला तेव्हा फिटरकाकांनी सगळ्यांदेखत मला गाढव म्हटलं. फार बरं वाटलं. काचेची पाटी उतरवली. तिथे काय लावावं सुचत नाही, आणि जिवाला स्वस्थता अजूनही नाही.

तू चढू नकोस, ताईला चढव. माया असू दे.
तुझा खटपट्या

८ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

ताई शाळेत गेल्यावर मीच चढले. आजारपणाने आता मी निम्मी उरले आहे, पण हात कसा लांबवायचा ते विसरले नाही. वरून दुसरी पायरी डाव्या बाजूला हलते. अगदी केसभर, दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. दादाला कळलं असतं, आणि तुलाही कळायला हवं होतं.

मी रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आता राग नाही. तुझं बूड ठरत नव्हतं, तेवढंच तुझ्यातलं शहाणं होतं. ते ठरू देऊ नकोस. पाटीच्या जागी काही लावू नकोस, नुसता खिळा राहू दे.

ट्रंकेला हात पोचला होता. पण पायरी हलली, तशी मी खाली उतरले. शिडी आजच परत धाडली आहे. नीट करून पाठव, तोवर ट्रंक माळ्यावर राहील.
तुझी आत्या