वळणावरचा हॉर्न

मुरबाड,
१२ जानेवारी

प्रिय महेंद्रदादास,
तुझ्या मेघाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं बरं आहे. थंडीमुळे बाबांचा खोकला वाढलाय, पण म्हशाच्या जत्रेचा हट्ट काही सुटला नाही. घोंगडी घ्यायला म्हणून नेलं, तर बैलांच्या बाजारातच जाऊन उभे राहिले. घ्यायचं काही नव्हतं, दात मात्र प्रत्येक बैलाचे पाहिले.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. घरी यायचा विषय निघाला की तू 'रेंज नाही' म्हणतोस. ओतूरच्या त्या कांद्याच्या वखारीत रेंज नसते, हे मी नऊ वर्षं ऐकतेय. पत्राला रेंज लागत नाही.

आता पल्लवीचं सांगते. फौजेतली चार वर्षं संपवून पोर माझ्याकडे आली, तेव्हापासून शिलाई मशीनवर झाकण घालून मी तिच्या कामासाठी फिरत होते. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, "फौजी मुलगी ना? गेटवर ठेवू." शेवटी इथल्या एका कंपनीत गेटचं काम पक्कं करून मी पेढे घेऊनच घरी आले. तुझ्या लेकीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "आत्या, बर्फातून ट्रक काढलेत मी. आता लोकांचे डबे तपासू?"

पेढे फुकट गेले. मग कुणीतरी शहापूरच्या हर्षाली मॅडमचं नाव सांगितलं. मिलिटरी हॉस्पिटलात नर्स होत्या, आता घरी असतात. फौजेतून परतलेल्या पोरी त्यांच्या पडवीत जमतात. कुणाला त्या परीक्षेला बसवतात, कुणाला दवाखान्यात लावून देतात, कुणाच्या नवऱ्याला दम देतात. आम्ही सगळे पल्लवीला काय मिळेल ते बघत होतो. मॅडमनी विचारलं, "तुला काय करायचंय?" इतक्या दिवसांत आपल्यापैकी कुणी हे विचारलं नव्हतं रे!

ती म्हणाली, "मोठी गाडी चालवायचीय."

मी कप खाली ठेवला. मॅडमना बिचाऱ्यांना काय ठाऊक? मी तिथं तुझं नाव काढलं नाही. तुलाही फोनवर 'कामाला लागली' एवढंच सांगितलं. कसलं काम, ते तू विचारलं नाहीस आणि मला ते बरंच वाटलं.

तर दादा, तुझी पोरगी एसटी चालवते. पेटीतला तुझा खाकी शर्ट उसवून मी तिच्या मापाचा केला. कापड अजून धड आहे. बिल्ल्याची भोकं तेवढी रफू केली.

परवा मी तिच्या गाडीत बसले. स्टँडवर गाडी लागलेली, पल्लवी सीटवर, आणि सगळी माणसं खाली उभी. टोकावड्याकडच्या वाडीतली भिमी म्हातारी दारातच अडून राहिलेली. "बस की गो," म्हटलं, तर म्हणते, "डायवर आला नाय आजून. आला का बसू." तिच्यामागे सगळे तसेच. पल्लवीनं सरळ गाडी सुरू केली. "अगो बाय, डायवर नाय नि गाडी चालली!" भिमी ओरडली आणि मग चढायला जी झुंबड उडाली! रवींद्र कंडक्टर हसून हसून दाराला टेकला. उतरताना मात्र भिमीनं टोपलीतली मूठभर बोरं पल्लवीपुढे ठेवली. म्हणाली, "घे गो, डायवर."

गाडी कुठली, ते मी अजून लिहिलं नाही. टोकावड्याचं नाव वाचून तू ओळखलंच असशील. तुझीच मुरबाड–आळेफाटा. माळशेज घाट.

पत्र खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

घाटाच्या पायथ्याची मोरोशी मागे पडली तशी मी जीव मुठीत धरला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मी नुसती तिचे हात बघत होते. शिवणाऱ्या बाईला हात कळतात. ना घट्ट, ना ढिले. जिच्या वेण्या मी घालायचे, ती एवढीशी पोर भरली एसटी कड्याच्या कुशीतून वर नेत होती, आणि मागे माणसं निवांत डुलक्या घेत होती. माझे हात आपोआप जोडले गेले. आपल्याच घरात हे वाढलं आणि आपल्याला पत्ता नाही! दादा, मी आयुष्यात इतकी थक्क कधी झाले नव्हते.

मग ते वळण आलं. नऊ वर्षांमागच्या त्या पावसात जिथं तू तुझ्या कंडक्टरला, वाळूला म्हणालास, "उतरून बघ रे, गाडी निघेल का," आणि वरून आलेल्या दरडीनं त्याला नेलं, ते.

पल्लवीनं लांब हॉर्न दिला. समोर रस्ता मोकळा होता.

मी रवींद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाळूदादाला दिला. आपल्या डेपोची गाडी हितं हॉर्न दिल्याबिगर जात नाय. तुमच्या दादांना म्हाईत नाय?" पहिला हॉर्न कुणी मागितला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बाईजावैनीनं." वाळूची बायको दादा, तिनं! डायव्हरला म्हणाली होती, त्यांना हाक द्या, आणि महेंद्रभाऊ येतील तेव्हा त्यांनाही द्यायला सांगा.

नऊ वर्षं तुझ्या जोडीदाराला हाक जातेय आणि तू एकटाच ऐकत नाहीस. तुला कुणी बोल लावत नाही रे. लावणारा तू एकटाच.

पल्लवीची गाडी ओतूरला थांबते. तुझी वखार तिथून दिसते. मी म्हटलं, जाऊन भेट. तर म्हणते, "पप्पांनी माझ्या गाडीत बसायचं. तोवर मी उतरणार नाही." हट्ट कुणाचा घेतलाय, ते सांगायला नको.

परतीला आळेफाट्याहून निघताना रवींद्र डायव्हरच्या मागच्या सीटवर रुमाल टाकतो. ओतूर सुटेपर्यंत तिथं कुणाला बसू देत नाही. माणसं भांडतात, पण तो ऐकत नाही. तो रुमाल उचलायला ये.

घाटाच्या अलीकडे वाट पाहणारी,
तुझी धाकटी
मेघा