काटा सहा हजारांवर

४ मार्च

चि. बारक्यास, ताईचे मनापासून आशीर्वाद.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून कागद काळा करतेय. तू घेऊन दिलेली गाडी दिसायला गोड आहे, पण चढावर दगा देते. काल औषधांच्या पेट्या घेऊन खिंड चढत होते. तिसऱ्या वळणावर तिनं गचके दिले आणि बंदच पडली. हँडब्रेक ओढेपर्यंत हातभर मागे घसरली. मागे लॉरी. ड्रायव्हरनं उतरून विचारलं, की नर्सबाई, गाडी चालवताय की ढकलताय? मी हसले आणि पुन्हा किल्ली फिरवली.

बाबांच्या डिझेल जीपपेक्षा हिची हॉर्सपॉवर जास्त, असं तू छातीठोकपणे सांगितलं होतंस. मग ती पॉवर जाते कुठे? मोठं हॉस्पिटल खिंडीपलीकडे आहे आणि माझ्याकडच्या तीन गरोदर बायकांचे दिवस भरत आलेत. सुताराच्या सुनेचं बाळ तर पायाळू आहे. तिला न्यायची वेळ आली तर? जीव टांगणीला लागलाय. लवकर लिही, वेळेवर जेव आणि माया असू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, बारक्याचा वाकून नमस्कार.

पत्र वाचलं. चूक माझी आहे. मी हॉर्सपॉवरचा आकडा सांगितला, तो कुठे मिळतो ते सांगितलं नाही. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा मिनिटाला सहा हजारांवर गेला की मिळतो. बाबांच्या डिझेलला टॉर्क भरपूर, म्हणजे एकेका ढकलण्यातच जोर. दीड हजार फेऱ्यांवरही ती चढ ओढायची. हे इंजिन चिमुकलं. याचा एका वेळचा जोर बेताचा, म्हणून फेऱ्या वाढवूनच ते काम उरकतं.

तू आवाज चढला की लगेच वरचा गिअर टाकत असणार. इंजिन ओरडलं की बाबा आपल्या हातावर चापट मारायचे, ते आता विसर. चढाआधीच दुसरा गिअर टाक आणि काटा पाच-सहा हजारांवर ठेव, फक्त लाल रेघेला शिवू नकोस. उभ्या चढावर निघताना पहिला गिअर. आधी ॲक्सिलरेटर, मग हळूहळू क्लच.

खरं सांगू? हे मी वर्कशॉपच्या सपाट जमिनीवर बसून लिहितोय. भरल्या गाडीनं तुझी खिंड मी कधीच चढलेलो नाही. आधी रिकाम्या गाडीनं सराव कर, माझी शपथ आहे. लोभ कमी करू नकोस.

बारक्या

१७ मार्च

चि. बारक्यास, खूप खूप आशीर्वाद.

सराव राहिलाच. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी सुताराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलची गाडी दुसरीकडे गेलेली. सून आणि सासू मागे, सुनेचा नवरा माझ्या शेजारी. काटा चार हजारांवर गेला तसा माझा हात आपोआप गिअरकडे गेला. मी तो मागे घेतला. पाच, साडेपाच. गाडी किंचाळत होती, सून किंचाळत होती, सासू म्हणत होती की ही आता फुटणार. पण ओढत होती रे!

तिसऱ्या वळणावर समोरून लॉरी आली आणि ऐन चढात थांबावं लागलं. निघताना इंजिन बंद पडलं, गाडी मागे घसरली. नवऱ्यानं उडी मारून चाकामागे दगड लावला. मी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, कचरत क्लच सोडला. जळका वास सुटला, आता संपलं असं वाटलं, आणि ती हलली. मग मी थांबलेच नाही. नवरा मागेच राहिला. तो धापा टाकत पायी पोचला, तोवर ऑपरेशन होऊन मुलगी झालेली होती. दोघी सुखरूप आहेत.

गाडी मात्र हॉस्पिटलच्या फाटकापाशीच उभी आहे. इंजिन ओरडतं, चाकं फिरत नाहीत. अजून दोघी बाळंत व्हायच्या राहिल्यात, बारक्या. काय बिघडलंय ते लगेच कळव.

ताई

२१ मार्च

ती. ताईस, पायांवर डोकं ठेवतो.

पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली शिरून पडून राहिलो. कुणी विचारलं तर गळती शोधतोय म्हणून सांगितलं.

चढावर घासून क्लचप्लेट जळलीये, म्हणून इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. नवी घेऊन शुक्रवारच्या पहिल्या बसनं निघतोय. जास्त टॉर्कची गाडी शोधायला लागलोय, पण ती मिळेपर्यंत याच गाडीवर भागवायचंय. प्लेट बसली की मागे माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती भरू आणि खिंड चढू. मी चालवीन. तू शेजारी बस आणि कुठे काय करायचं ते मला सांग.

तुझाच,
बारक्या