पांढऱ्या वायरीचा जोड

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा मेली! स्टार्टर फिरतो, पण स्पार्क नाही. चडफडत चालत दुकानात गेलो. संध्याकाळी येऊन चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू! सकाळी मढं, संध्याकाळी टुणटुणीत. आठवडाभर हेच नाटक.

या गाडीतली इंचन् इंच वायर मी ओढली आहे. भंगारातून आणली तेव्हा होतं काय — दोन सीटा, फायबरचं टरफल आणि उंदरांनी कुरतडलेला गुंता. मला कुणी शिकवलं नाही. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं कामही बघून बघूनच शिकलो, त्यावर दुकान उभं केलं. आणि आता हीच गाडी माझं नाक कापते!

५ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "बरंच झालं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलंय ना?"

झालं सुरू! दुकानात एकदा स्टुलावरून पडलो, तर तो डॉक्टर म्हणे फिट. कसली फिट? चक्कर होती. उपाशीपोटी कुणालाही येते. म्हणे सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही! आणि मी जातो कुठे? दुकानापर्यंत.

लेकीला १६ तारखेला नोकरीच्या गावी सोडायचंय. घाटातून, याच गाडीतून. शब्द दिलाय तिला, तोही ती शाळेत असताना. तोवर ही अवदसा सरळ झाली पाहिजे.

७ फेब्रुवारी

शेजारचा फ्यूज आला होता. लोकांच्या घरांचं वायरिंग करतो, आणि बोलता बोलता उडतो म्हणून फ्यूज. बॉनेटवर कोपर टेकवून म्हणाला, "भाऊ, फायबरची बॉडी. अर्थिंग बघा."

मला सांगतो! पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतून परत जातो, फायबरमध्ये प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते — हे मी याला शिकवलेलं!

"गाडी तुमच्यावरच गेलीय," म्हणाला. "सकाळी फुगून बसायचं, संध्याकाळी गोड बोलायचं."

हाकलला. मग एकेक अर्थिंग सोडवून, घासून, परत आवळलं. दोष कुठेच नाही. त्याचाच जास्त राग आला.

८ फेब्रुवारी

सकाळी मेली. कुणाशी बोलायचं नाही.

११ फेब्रुवारी

आज दुकान बंद ठेवलं. ती मेलेली असतानाच टेस्ट लॅम्प घेऊन आत शिरलो. चावीपाशी दिवा लागला. तिथून पांढऱ्या वायरीवर पुढे सरकलो — डॅशबोर्डमागच्या जोडापर्यंत लागला, जोडाच्या पुढे गुल. सापडली!

टेप सोडवायला गेलो आणि बोटं अडखळली. कॉइल असो की वायर, मी टेप उजवीकडेच गुंडाळतो. आजवर एकदाही चुकलो नाही. हा डावीकडे गुंडाळलेला. घट्ट, एकसारखा, सुंदर. आत तांब्याची दोन टोकं, आणि मध्ये घडी घालून ठेवलेली अस्तराची चिंधी!

घरात लोकांचे कपडे शिवतं कोण? डावखुरी कोण? वायरी ओढताना बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची, "ही पांढरी कुठे जाते हो?" म्हणून विचारायची, आणि मी येडा कौतुकानं सांगायचो — ही तोडली की स्पार्क बंद! सकाळी मी आंघोळीला गेलो की चिंधी घालायची, दुकानात गेलो की काढायची. माझ्या घरात, माझ्या गाडीत, माझीच विद्या माझ्यावर!

१२ फेब्रुवारी

जोड सोल्डर केला, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली. आता काढून दाखव म्हणावं!

लेक म्हणाली, "बाबा, मी बसनं जाईन ना."

"का? बापाच्या गाडीला काय धाड भरलीय?"

तिनं आईकडे बघितलं. म्हणजे हिलाही माहीत! अख्खं घर सामील. ताटावरून उठलो.

१४ फेब्रुवारी

घाटाआधी इंजिन तापवून बघावं म्हणून दारातच सुरू करून बसलो. चहा डॅशबोर्डवर ठेवला, वाफाळता.

मग चहावर साय होती. इंजिन बंद. बायको खिडकीतून अर्धी आत वाकलेली, चावी तिच्या डाव्या हातात. म्हणाली, गाडी किंचाळत होती. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"पेंगलो होतो," म्हटलं.

"गिअरमध्ये नव्हती," एवढंच म्हणाली. चहाचा कप घेऊन आत गेली.

पेंगलोच होतो. माणूस पेंगतो!

लेक बाजूच्या सीटवर बसणार आहे.

१५ फेब्रुवारी

सोल्डर कापला. चिंधी खिशातच होती, ती मध्ये घातली. टेप डावीकडे गुंडाळला — माझा हात वळेना, वेडावाकडा झाला. मग सगळ्यांना बाहेर बोलावून चावी फिरवून दाखवली. फ्यूजही कुंपणापाशी उभा होता. त्याच्यादेखत म्हटलं, "वायरिंगच चुकलंय माझं. महिनोन्महिने लागतील." लेकीला म्हटलं, उद्या बस पकड. आणि चावी बायकोच्या शिलाईच्या डब्यात टाकली.