नुरायिमची मोजणी

प्रिय आयझादा,

मी मजेत आहे. बर्फ मोजायला हिमनदीत रोवलेल्या काठ्या यंदा फारच उघड्या पडल्यात, बर्फ झपाट्याने वितळतंय, त्या पुन्हा खोल रोवायच्यात, म्हणून खाली उतरायला उशीर होतोय. आईचा खोकला कसा आहे?

तुझ्या पत्रात सगळीकडे तो डॉक्टर एल्दियारच! चुलीच्या धुरात वाढणाऱ्या बाळांची फुप्फुसं दर महिन्याला मोजायची, तर मोजावीत आणि जावं. त्याच्यासाठी बोरसोकच्या पुऱ्या कशाला तळतेस?

हे बोललो तर सोबत काम करणारा बाकित हसला, "अरे, तो बाळ मोजायला येतो, बायको नव्हे!"

त्या डॉक्टरच्या पुढच्या मोजणीआधी मी येतोच. मागच्या खेपेला आपली चिमुकली नुरायिम मला बघून रडली होती. त्याच्या कडेवर ती हसते, हे तू लिहायला नको होतंस.

तुम्हा दोघींचाच,
तेमिरलान